क्लासचे जुने पीसी आणि मोठ्या मूळ संख्यांचा शोध : रॅम वाढवू की नको?

खारपाण_मास्तर (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गावात माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. टायपिंगची आणि एमएस-सीआयटीची पोरं सकाळ-संध्याकाळ येतात, बाकी वेळ मशिनी बसूनच असतात. त्यातल्या दोन-चार पोरांना गणिताचं वेड आहे, म्हणून जिम्प्समध्ये उतरायचा विचार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. जगभरातले लोक आपल्या कॉम्प्युटरवर प्राइम९५ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकतात आणि सर्व्हर प्रत्येकाला एकेक संख्या तपासायला देतो. शोध फक्त मर्सेन मूळ संख्यांचा, म्हणजे २ चा कुठला तरी घात वजा १, या साच्यातल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ वी सापडली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अंक ४,१०,२४,३२०.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेले आय५-४५७० चे काही पीसी आहेत, प्रत्येकात डीडीआर३-१६०० ची ४ जीबीची एकच स्टिक. शिवाय दोन पुरातन कोअर टू डुओ, आणि भाचा ठेवून गेला तो ३२ जीबीचा एक डेस्कटॉप. प्रश्न साधा आहे. एवढाल्या संख्यांना ४ जीबी पुरेल का? तालुक्याचा दुकानदार म्हणतो, १६ जीबी केल्याशिवाय हातच लावू नका.

वणीचा_कोळसा

मास्तर, दुकानदाराले रॅम विकायची हाय, त्याले मूळ संख्येशी काय घेनं-देनं? ४ जीबी म्हंजे रग्गड झाली. पन तुमचं दुखनं दुसरंच हाय. "एकच स्टिक" म्हनता ना, थे. जानकार लोक सांगतीनच, मी निघालो सेकंड शिफ्टले.

दोनाचा_घात (मूळ पुसद, सध्या नागपूर)

कोळसाभाऊंनी नस बरोबर पकडली. आकडे मांडतो.

२ चा १३.६ कोटीवा घात म्हणजे १३.६ कोटी बिटांची संख्या. आठानं भागा, १.७ कोटी बाइट. म्हणजे चार कोटी अंकांची ती अक्राळविक्राळ संख्या मेमरीत जेमतेम १७ एमबी खाते. पोरांच्या मोबाइलमधले चार फोटो याहून मोठे असतात.

आता तिचं करायचं काय, तर लुकास-लेमर चाचणी. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा २, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोनानं कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. म्हणजे चार कोटी अंकी संख्येचे साडेतेरा कोटी वर्ग! शाळेतल्या पद्धतीनं उभा गुणाकार मांडला तर एक वर्गसुद्धा वेळेत व्हायचा नाही, म्हणून एफएफटी नावाची झटपट गुणाकाराची रीत वापरतात.

एफएफटीसाठी संख्येचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ६४ बिटांच्या दशांश खान्यात ठेवतात. गंमत अशी की त्या ६४ बिटांच्या खान्यात संख्येचे १८-१९ बिटच घालता येतात. जास्त कोंबले तर बेरजांमध्ये राउंडिंगची चूक एवढी वाढते की उत्तर कुठल्या पूर्णांकाजवळचं आहे हेच ठरवता येत नाही. म्हणून १७ एमबीचे होतात ५५ ते ६० एमबी. क्रँडॉल आणि फेगिन यांची १९९४ ची युक्ती नसती तर याच्याही दुप्पट लागले असते. एरवी गुणाकाराला जागा मिळावी म्हणून पुढे तेवढीच शून्यं जोडावी लागतात, ती त्यांनी वाचवली. वरून मर्सेन संख्येनं भागून बाकी काढणं त्याच हिशेबात आपोआप होतं.

तर साठ एमबी. तुमच्या ४ जीबीत विंडोज, क्रोम आणि पोरांचा एक्सेल उघडा ठेवूनही बसेल. रॅम किती आहे हा प्रश्न इथेच संपतो. ती किती वेगानं देते-घेते हा खरा प्रश्न, त्यावर रात्री सविस्तर लिहितो.

बोंड_फुटलं

कपाशीला भाव नाही, सोयाबीन भिजून गेलं, आणि इथं चार कोटी अंकी संख्या शोधून राहिले. याचा उपयोग काय भाऊ? कोणाच्या घरी चूल पेटणार?

खारपाण_मास्तर

कोणाचीच नाही पेटणार. शेतीच्या भावावर शेजारी पाचशे प्रतिसादांचा धागा आहे, तिथे मीही लिहितो. इथं गणित चालू द्या.

दोनाचा_घात

हं, तर वेगाबद्दल. आय५-४५७० च्या पोटात एल३ कॅश आहे ६ एमबी. प्रोसेसरला जे झटकन हाताशी मिळतं ते एवढंच. तुम्हाला सुरुवातीला मिळेल ते डबल-चेकचं काम, म्हणजे आधी कोणीतरी तपासलेली संख्या पुन्हा तपासणं. त्यात घातांक समजा साडेसात कोटींचा आला, तर एफएफटीचा डेटा सुमारे ३२ एमबी. तो ६ एमबीत मावत नाही, म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वेळी सगळाच्या सगळा रॅममधून आत आणायचा आणि परत बाहेर ठेवायचा. प्राइम९५ हे दोन टप्प्यांत करतं, म्हणून दोनदा आत, दोनदा बाहेर. एका वर्गामागे सव्वाशे एमबीहून जास्त वाहतूक.

डीडीआर३-१६०० ची एक स्टिक सेकंदाला कागदोपत्री १२.८ जीबी देते. म्हणजे एका वर्गाला १० मिलिसेकंद, तेही सगळं आदर्श चाललं तर. साडेसात कोटी वर्ग गुणिले १० मिलिसेकंद म्हणजे साडेसात लाख सेकंद, जवळपास पावणेनऊ दिवस, दिवसरात्र. प्रोसेसर कितीही तगडा असो, याच्या खाली वेळ जाणार नाही. आता तशीच दुसरी स्टिक दुसऱ्या चॅनलला, म्हणजे रॅमच्या दुसऱ्या वाटेला लावा. २५.६ जीबी. हिशेब सव्वाचार-साडेचार दिवसांवर येतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे वेळ जास्तच लागेल, पण प्रमाण साधारण असंच राहतं.

तेव्हा १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन लावा. जुन्या बाजारात डीडीआर३ च्या ४ जीबीला आता कोणी विचारत नाही.

अंजनगावकर

आमचं जिनिंग आहे म्हणून मला हे लगेच समजलं. मशीन कितीही रुई काढो, फाटकातून एका वेळी एकच गाडी आत येत असेल तर मशीन रिकामंच फिरणार. मालक नवीन मशीन घ्यायचं म्हणतो, खरी गरज दुसऱ्या फाटकाची असते.

ऋतू_अकरावी

दोनाचा_घात दादा, मी मास्तरांच्याच क्लासला आहे. चार कोअर आहेत तर चार वेगवेगळ्या संख्या एकाच वेळी लावल्या तर चौपट काम होईल ना? सॉफ्टवेअरमध्ये चार वर्कर ठेवायचा ऑप्शन दिसला.

दोनाचा_घात

ऋतू, प्रश्न एकदम नेमका आहे. चार वर्कर म्हणजे चार वेगळे ३२ एमबीचे ढीग, आणि रॅमची वाट तीच. चौघंही एकमेकांच्या वाटेत येतात. एकच वर्कर ठेवून चारही कोअर त्याच संख्येवर लावले तर एकच ढीग हलतो आणि कॅशमध्ये जे थोडंफार टिकतं ते सगळ्यांच्या कामी येतं. तुमच्या मशिनींवर हेच बरं पडेल. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, प्राइम९५ मध्ये बेंचमार्क म्हणजे वेग मोजायची सोय आहे, दोन्ही तऱ्हा चालवून बघ आणि आकडे इथे टाक.

आणि हो, ज्याच्याकडे ५८००एक्स३डीसारखा ९६ एमबी कॅशचा प्रोसेसर आहे त्याचा अख्खा डेटा कॅशमध्येच मावतो. तिथे रॅमचं हे रडगाणं जवळपास संपतं.

आर्वीचे_सर

मी निवृत्त प्राध्यापक, गणित. एक शंका. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एकेएस पद्धत दिली. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळेत (म्हणजे अंक वाढले तरी वेळ बेसुमार वाढत नाही) आणि निःसंशय ठरवते. भारतीयांनी लावलेला एवढा मोठा शोध सोडून ही मंडळी १९ व्या शतकातल्या लुका (तुमचे लुकास) यांची पद्धत का वापरतात?

दोनाचा_घात

सर, धाग्याच्या विषयातच उत्तर आहे: मेमरी.

एकेएसमध्ये संख्यांऐवजी बहुपदींचा गुणाकार करावा लागतो. त्या बहुपदीत किती पदं ठेवायची, तर संख्येच्या बिटांच्या वर्गापेक्षा जास्त. आपली संख्या धरा दहा कोटी बिटांची, म्हणजे १० चा ८ वा घात. त्याचा वर्ग १० चा १६ वा घात, एवढी पदं. आणि प्रत्येक पदाचा सहगुणक स्वतःच दहा कोटी बिटांचा. गुणून पाहा: १० चा २४ वा घात इतके बिट, फक्त एक बहुपदी मांडून ठेवायला. तेच काम लुकास-लेमर साठ एमबीत करते, कारण ती फक्त मर्सेनच्या साच्यासाठीच आहे आणि त्या साच्याचा पुरेपूर फायदा घेते.

एकेएसचं मोल वेगळं आहे. कुठलीही अट न घालता, कुठल्याही संख्येसाठी हे बहुपदी वेळेत होतं हे त्याआधी कोणी सिद्धच केलेलं नव्हतं. ते मोल साडेतेरा कोटी बिटांवर मोजायचं नाही.

आर्वीचे_सर

पटलं. बहुपदीची लांबी माझ्या लक्षातून निसटली होती. पोरांना हाच गुणाकार फळ्यावर करायला सांगा मास्तर, सिद्धता नंतर.

खारपाण_मास्तर

आज दुपारी क्लास रिकामा होता, दोन सीपीयू उघडले. शेजारच्या गल्लीत जिनिंग आहे, त्यामुळे पंख्याखालच्या हीटसिंकवर रुईचा अन् धुळीचा असा गच्च थर की ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसेनात. पेंटिंगच्या ब्रशनं सोडवला, तपकिरी पापुद्रा एका तुकड्यात निघून हातात आला. बोर्डावर रॅमचे दोन स्लॉट, एक भरलेला, दुसऱ्यात नुसती धूळ. एका मशीनची स्टिक काढून दुसरीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली, दोन्ही बाजूंचे खटके टक् करून लागेपर्यंत दाबली. सुरू करून बेंचमार्क लावला.

एका वर्गाला लागणारा वेळ निम्म्याच्या थोडा वर आला. मशीन तेच, प्रोसेसर तोच. ऋतूनं चार वर्करविरुद्ध एक वर्कर हेही करून पाहिलं, एक वर्कर सरस निघाला, फरक स्टिकएवढा मोठा नाही पण आहे. पोरं तासभर दुसरं काही बोलायला तयार नव्हती.

आता सांगा, ३२ जीबीवाल्याचं काय करू? तुमच्या हिशेबानं तर त्यातले ३१ जीबी फुकट.

मेहकरची_सई

फुकट नाही, त्याला पी-१ लावा. या सगळ्या उद्योगात रॅमचा आकार खऱ्या अर्थानं कामाला येतो तो तिथे.

मोठी चाचणी लावण्याआधी संख्येला एखादा छोटा भाजक मिळतो का ते शोधतात. मिळाला तर दिवसेंदिवसांची चाचणी वाचली. मर्सेन संख्येचा भाजक नेहमी २ × k × घातांक + १ असाच असतो, k म्हणजे कुठली तरी पूर्ण संख्या. जॉन पोलार्ड यांची १९७४ ची पी-१ पद्धत, k चे सगळे अवयव लहान असतील तर असा भाजक पकडते. पहिल्या टप्प्यात मेमरी नावापुरतीच लागते. दुसऱ्या टप्प्यात k चा एखादा अवयव मोठा असला तरी चालतो, पण त्यासाठी आधी काढून ठेवलेल्या किमतींचा तक्ता हाताशी लागतो आणि त्यातली प्रत्येक किंमत त्याच साठ एमबीची. ३०० एमबी दिले तर तक्त्यात पाच नोंदी बसतात. २४ जीबी दिले तर चारशे. तक्ता मोठा तितके गुणाकार कमी, आणि तेवढ्याच वेळात शोधाची हद्द पुढे ढकलता येते. प्राइम९५ ची ३०.८ आवृत्ती तर मुद्दाम जास्त रॅमवाल्यांसाठी सुधारली आहे.

एक करा. सेटिंगमध्ये या टप्प्यासाठीची मेमरी मुळात अगदी कमी ठेवलेली असते. ती स्वतः वाढवली नाही तर ३२ जीबीचं मशीन ४ जीबीच्या मशीनसारखंच वागतं. दिवसा किती, रात्री किती असं वेगळंही देता येतं. क्लासच्या वेळी २ जीबी, रात्री २४.

वणीचा_कोळसा

सईताई, हे लय भारी सांगतलं. मी आजवर थे सेटिंग पाह्यलंच नोतं.

बोंड_फुटलं

बरं, चूल राहू द्या. लाइट बिल कोण भरणार? आणि आमच्याकडे दिवसातून चारदा लाइट जाते, तुमची नऊ दिवसांची चाचणी गेली ना मग पाण्यात?

दोनाचा_घात

बिलाचा मुद्दा रास्त. एक पीसी ८० वॅट धरला तर दिवसाला १.९२ युनिट, महिन्याला जवळपास ५८. सहा पीसी म्हणजे साडेतीनशे युनिट, आणि क्लासचं मीटर कमर्शियल. म्हणून मास्तर, सहा लावू नका. दोन लावा, ज्यांत दोन-दोन स्टिक आहेत ते. दोन नीट जोडलेली मशिनं अर्ध्या वाटेच्या चार मशिनींइतकं काम करतील, बिल निम्मं. बक्षिसाच्या नादात तर अजिबात पडू नका. नवीन मर्सेन मूळ संख्या सापडली तर जिम्प्स ३,००० डॉलर देते, पण एका चाचणीत ती सापडायची शक्यता काही लाखांत एक. दहा कोटी अंकी पहिल्या मूळ संख्येला ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेचे दीड लाख डॉलर आहेत, ते अजून कोणाला मिळालेले नाहीत.

लाइट गेल्यानं चाचणी पाण्यात जात नाही. प्राइम९५ दर अर्ध्या तासानं आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं, हा वेळ कमीही करता येतो. लाइट आली की तिथून पुढे. दहा मिनिटांवर ठेवा, विषय संपला.

मला खरी भीती वाटते ती व्होल्टेजची आणि मे महिन्याची. ४५ अंशांत, कूलर बंद, व्होल्टेज खालीवर. अशात रॅमचा एखादा बिट उलटतो. मशीन बंद पडत नाही, पडद्यावर काही दिसत नाही, फक्त पुढचे कोट्यवधी वर्ग चुकीच्या आकड्यावर होत राहतात. लुकास-लेमरमध्ये हीच कटकट आहे. तिला याकोबी तपासणी जोडलेली असते पण ती निम्म्याच चुका पकडते, म्हणून प्रत्येक संख्या दोनदा तपासत.

पीआरपी, म्हणजे संख्या "बहुधा मूळ" आहे का ते पाहणाऱ्या चाचणीत मात्र रॉबर्ट गर्बिच यांची तपासणी असते. ती अशी चूक जवळपास हमखास पकडते आणि मागच्या खात्रीच्या जागेवरून पुन्हा सुरू करते. आपल्याकडच्या मशिनींना पीआरपीच द्या, ती पूर्ण दोनदा करावी लागत नाही.

मेहकरची_सई

प्राइम९५ एवढं रगडतं की त्यात मोठमोठ्यांचं पितळ उघडं पडलंय. २०१६ च्या जानेवारीत इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर एका ठराविक एफएफटीवर गोठतात हे याच मंडळींनी दाखवून दिलं, मग इंटेलनं बायोसमधून दुरुस्ती दिली. तेव्हा मास्तर, आधी एक रात्र टॉर्चर टेस्ट, म्हणजे मशीन रगडून चुका होतात का ते बघणं. रुई साफ केलेल्या मशीनवरच.

ऋतू_अकरावी

पीआरपी लावली तर नेट किती लागेल? क्लासचं नेट संध्याकाळी चालतच नाही. आणि दोनदा तपासायचं नाही तर दुसऱ्यांना कसं कळणार की आम्ही खरंच चाचणी केली, उगाच आकडा पाठवला नाही?

दोनाचा_घात

लुकास-लेमरचा निकाल म्हणजे शेवटच्या बाकीचे फक्त ६४ बिट. एसएमएसमध्ये मावतील. हजारो मशिनी एकमेकींशी न बोलता चालतात, म्हणून तर खेड्यातल्या नेटवरही हे जमतं.

पीआरपीत थोडं जास्त लागतं, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. २०२० पासून चाचणीबरोबर पुरावा पाठवता येतो. पिएत्शाक नावाच्या संशोधकाच्या कल्पनेवर तो उभा आहे. चाचणी चालू असताना २५६ टप्प्यांवरच्या बाक्या डिस्कवर ठेवतात. ११ कोटींच्या घातांकाला प्रत्येकी पावणेचौदा एमबी, म्हणजे साडेतीन जीबी डिस्क अडकते. शेवटी त्यातून सव्वाशे एमबीच्या आसपासची एक फाइल बनते, ती सर्व्हरला जाते. मग जगात कुठेतरी दुसरं मशीन मूळ कामाच्या २५६ व्या भागाएवढं काम करून तुमची चाचणी खरी ठरवतं. आधी दुसऱ्यांदा पूर्ण चाचणी लागायची, आता अर्धा टक्कासुद्धा नाही. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत या उपक्रमात वेग वाढवणारं एवढं मोठं काही झालं नाही, आणि ते कुठल्या चिपनं नाही तर कागदावरच्या गणितानं केलं.

सव्वाशे एमबी पहाटे जाऊ दे, अपलोडची वेळ सेटिंगमध्ये ठरवता येते.

अंजनगावकर

५२ वी तर ग्राफिक्स कार्डावर सापडली म्हणे. मग आपण हे पीसी घेऊन कुठे?

मेहकरची_सई

हो. ल्यूक ड्युरँट यांनी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधली कार्डं भाड्यानं जोडली होती. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका ए१०० कार्डानं "बहुधा मूळ" असं कळवलं, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या एच१०० नं लुकास-लेमरनं पक्कं केलं. तिथेही गोष्ट मेमरीचीच. ए१०० ची मेमरी सेकंदाला दीड हजार जीबीच्या वर देते, आपल्या दोन स्टिक पंचवीस. गेमिंगचं कार्ड घेऊन हे होत नाही बरं का. त्यांना ६४ बिटांचे दशांश हिशेब मुद्दाम हळू दिलेले असतात, ती एकेक भाजक सरळ भागून पाहायच्या कामाला बरी. तिथे मेमरी लागतच नाही.

पण शोध म्हणजे नुसता वेग नाही. कर्टिस कूपर यांच्या मशीननं ४९ वी मूळ संख्या १७ सप्टेंबर २०१५ लाच सर्व्हरला कळवली होती. सर्व्हरचा ईमेलच गेला नाही, आणि ती कोणाच्या नजरेला पडली ७ जानेवारी २०१६ ला!

वणीचा_कोळसा

चार महिने! मंग आमच्या तलाठ्याले काऊन नावं ठेवता बाप्पा.

खारपाण_मास्तर

मंडळी, ठरलं. दोन आय५ मध्ये दोन-दोन स्टिक, एक वर्कर, चार कोअर, पीआरपी. भाच्याच्या मशीनवर पी-१, रात्री २४ जीबी. एप्रिल-मे बंद. स्टिक काढलेले पीसी तसेच ठेवतो, जुन्या बाजारात डीडीआर३ मिळाली की क्लासला लागतीलच. राहिले दोन कोअर टू डुओ. पोरांचा हट्ट आहे की त्यांनाही काहीतरी काम द्या. छोटं काहीतरी देता येईल?

दोनाचा_घात

देता येईल, पण देऊ नका. त्यांच्यात एका दमात अनेक हिशेब करणाऱ्या नवीन एव्हीएक्स सूचना नाहीत, त्यामुळे त्याच कामाला कितीतरी पट वीज जाईल. पोरांना त्यांचा उपयोग हवाच असेल तर एक उघडून टेबलावर ठेवा आणि रॅम, कॅश, प्रोसेसर यांच्यातली वाट बोटानं दाखवा. प्लग काढून.

ऋतू_अकरावी

टॉर्चर टेस्ट आत्ता लावली. सकाळी किती एरर आल्या ते टाकते.